शिवयोगीचं पत्रक

सोलापुरात साखर पेठेत मडिवाळप्पांचा छापखाना होता. तिथे मी आठ वर्षं मुद्रितं तपासली. सकाळची शाळा शिकवून बाराला यायचो, सहाला घरी जायचो. माझ्या टेबलापासून चार हातांवर शिवयोगी कलशेट्टी छपाईचे खिळे जुळवत उभा असायचा. आम्ही एकाच वयाचे, पण तो मला मास्तर म्हणायचा. वडील गेले तेव्हा बाराव्या वर्षी तो खिळ्यांच्या खणांसमोर येऊन उभा राहिला होता, तो तिथेच. घरात कानडी, गल्लीत सोलापुरी. पण लिहायला बसला की त्याच्या हातून ग्रंथातली मराठी उतरायची, कारण लिहायची मराठी तो शिशाच्या अक्षरांतूनच शिकला होता. बोलायचा फार कमी. आवडलं, नावडलं, दुखलं, काही तोंडावर यायचं नाही. पगाराचं पाकीट न उघडता आईच्या, शरणम्माच्या, हातात द्यायचा. आईनं आणि चुलत्यानं अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची दाक्षायणी पाहिली, तिच्याशी त्याचं लग्न झालं. दोन वर्षांनी मुलगी झाली, नीलांबिका. हे सगळं त्याच्या बाबतीत होत गेलं. त्यातलं काही त्यानं ठरवलं असं मी ऐकलं नाही.

बाहत्तर साली निवडणुकीच्या याद्यांचं काम छापखान्यात आलं होतं. भर दुपारी त्यांच्या शेजारची शिवम्मा दारात येऊन उभी राहिली. दाक्षायणीचे दिवस भरले होते.

"कळा सुरू झाल्यात. तुमाला बोलवालीय," शिवम्मा म्हणाली.

शिवयोगीनं मान वर केली नाही. "आई हाय की घरी."

दोन तासांनी शिवम्मा पुन्हा आली. या वेळी ती दारात थांबली नाही, आत आली. मडिवाळप्पाही म्हणाले, "जा रे, यादी काय पळून जात नाही." शिवयोगी म्हणाला, "एवढं पान लावतो आन् निघतो."

पान लावून तो गेला तेव्हा मुलगा झालेला होता आणि रडला नव्हता. दवाखान्यात न्यायला हवं होतं, असं सुईण पहिल्यापासून म्हणत होती. शरणम्मा म्हणत होती, आमच्या घरात कुणी बाळंतपणाला दवाखाना पाहिला नाही. त्या दोघींमध्ये ज्यानं बोलायला हवं होतं, तो इथे छापखान्यात होता. मीही इथेच होतो. मी उठून त्याला दंडाला धरून बाहेर काढलं नाही, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर दाक्षायणी त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्यानं कारण विचारलं नाही. घरात शरणम्माचा शब्द चाले. कुणी कधी जेवायचं, सुनेनं माहेरी किती दिवस राहायचं, नीलाला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं तीच ठरवी. अशी दोन वर्षं गेली. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला दाक्षायणी नीलाला घेऊन मैंदर्गीला गेली, ती परत आली नाही. शिवयोगी दोनदा आणायला गेला. तिचा भाऊ निंगप्पा दोन्ही वेळा एकच म्हणाला, "वेगळी खोली करा, आजच पाठवतो." शिवयोगी दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला. विधवा आईनं धुणीभांडी करून वाढवलेला एकुलता एक मुलगा. वेगळी खोली हा शब्द त्याच्यानं घरात उच्चारवेना.

मग कोर्टाचा कागद आला. बायकोनं पोटगीचा अर्ज केला होता. कागद घेऊन तो माझ्या टेबलाशी आला.

"मास्तर, पाचवं कलम वाचा."

पाचव्या कलमात लिहिलं होतं, की जाबदार हा दारूच्या नशेत अर्जदारास नित्य मारहाण करीत असे व उपाशी ठेवीत असे.

शिवयोगी लिंगायत, गळ्यात लिंग होतं. दारू त्यानं चाखली नव्हती. आणि हात उगारणारा माणूस तो नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला साधा आवाजसुद्धा चढवता येत नसे.

पोटगीचा हुकूम झाला त्या दिवशी कोर्टात तो मॅजिस्ट्रेटना म्हणाला, "पोटगी देतो साहेब. हुकूम नसता तरी दिली असती. तेवढं पाचवं कलम खोडा."

"निकाल झाला," साहेब म्हणाले. "अर्जातलं खोडता येत नाही."

बाहेर व्हरांड्यात वकिलांच्या कारकुनाकडे आणखी अर्ज पडले होते. त्यानं तिथे बसून तीन वाचले. तिन्हींत पाचवं कलम तेच होतं, फक्त नावं निराळी. लग्नपत्रिकेचा मजकूर आम्ही तसाच बांधून ठेवायचो आणि नवरा-नवरीची नावं बदलायचो. तसंच. हे तो मला सांगत होता तेव्हा पहिल्यांदाच मी त्याच्या आवाजात राग ऐकला.

पण गल्लीला तीन अर्ज ठाऊक नव्हते, एकच ठाऊक होता. मठात लोक त्याच्या शेजारून उठून दूर बसू लागले. गप्प माणसाच्या पोटात काय असतं कुणी पाहिलंय, असं बायका म्हणू लागल्या.

पंच्याहत्तर साल महिला वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. गावातल्या एका महिला मंडळानं पुण्याहून प्राध्यापिका रिसबूडबाईंचं व्याख्यान ठेवलं, आणि बाईंची चोवीस पानांची पुस्तिका छापायला आमच्याकडे आली. ती शिवयोगीनं जुळवली. खिळे जुळवणारा सहसा मजकूर वाचत नाही, अक्षरं बघतो. ही पुस्तिका त्यानं वाचली. पुरुष या वर्गानं स्त्री या वर्गाला दास्यात ठेवलं आहे, घर हा त्या दास्याचा कारखाना आहे, आणि प्रत्येक पुरुष, त्याला कळो न कळो, त्या सत्तेचा भागीदार आहे, असा तिचा सारांश होता. दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तिका त्याला पाठ होती.

व्याख्यानाला तो मला बरोबर घेऊन गेला. वाचनालयाचं सभागृह, पुढे बायका, मागे आम्ही दहा-बारा पुरुष. शेवटी बाई प्रश्न विचारा म्हणाल्या तेव्हा शिवयोगी उभा राहिला.

"बाई, तुमची पुस्तिका मी जुळवलीय," तो म्हणाला. "नवव्या पानावर प्रत्येक पुरुष सत्तेचा भागीदार असं आहे. मी बाराव्या वर्षापासून उभा राहून काम करतो. पगार आईकडं. लग्न चुलत्यानं ठरवलं. घरात माझ्या शब्दानं कांदासुद्धा आला नाही. माझी सत्ता कुठली, ती दाखवा."

पुढच्या रांगेत हसू उठलं. रिसबूडबाई हसल्या नाहीत. "मी माणसाबद्दल लिहिलं नाही, व्यवस्थेबद्दल लिहिलं आहे."

"व्यवस्थेला नोटीस जात नाही. नोटीस माझ्या नावानं आली."

मग त्यानं पाचवं कलम सांगितलं, भर सभेत, शब्दन् शब्द. हसू थांबलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही मारलं नाहीत, असं धरून चालू," त्या म्हणाल्या. "आता सांगा, तुमच्या पत्नीनं कोर्टात खरं सांगितलं असतं, की नवरा मारत नाही, पण मला त्या घरात राहवत नाही, तर कोर्टानं तिला पोटगी दिली असती?"

शिवयोगी विचार करून म्हणाला, "नसती दिली. वेगळं राहायला सबळ कारण लागतं."

"आणि न राहवणं हे कारण धरत नाहीत. मार लागतो. हा कायदा बायकांनी केलेला नाही."

"म्हणजे कोर्टाला तिचं खरं ऐकायला कान नाहीत, म्हणून माझ्या नावाला काळं लागलं. ते कुणी पुसायचं?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही," त्या म्हणाल्या.

परत येताना वाटेत मी म्हटलं, बाई प्रामाणिक आहे. तो म्हणाला, "व्हय. पण तिच्या पुस्तिकेत तेवढं एक पान न्हाई."

ते पान त्यानं स्वतः लिहिलं. 'पुरुषाचीही एक बाजू' अशा मथळ्याचं एकपानी पत्रक. "स्त्रीवर अन्याय होतो हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याने तो केला नाही त्याच्या माथी तो मारल्याने न्याय होत नाही. पुरुष म्हणजे सत्ता असे म्हणतात. ती ज्याच्या हाती कधी आलीच नाही, त्या पुरुषाने कोणाकडे पाहावे?" यातलं दुसरं वाक्य माझं. आणखी दोन वाक्यं मी सरळ करून दिली होती. पत्रकाखाली त्यानं छापखान्याचा पत्ता दिला.

पंधरा दिवसांत माणसं येऊ लागली. पहिला आला रुद्रप्पा, भुसार बाजारातला अडत्या. मग हिंदुराव, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातला फिटर. आणखी सात-आठ जण. रविवारी छापखाना बंद असे, तेव्हा दुपारी बैठक भरू लागली. आणीबाणी होती, चार माणसं जमली तरी लोक बिचकत. पण नवऱ्यांच्या बैठकीची कुणाला फिकीर नव्हती. रुद्रप्पानं 'पुरुष न्याय मंडळ' असं नाव ठेवलं आणि एक वकील गाठून दिला. शिवयोगी चिटणीस झाला. त्याला लिहिता येत होतं, बाकीच्यांना बोलता.

ते काय बोलत हे मी दोन-तीन बैठकांत ऐकलं. दुसरं लग्न करायचं तर पहिलीला कसं गप्प करावं, पगार कुणाच्या नावावर दाखवावा. शिवयोगी मध्येच पत्रकाचा विषय काढी, कायद्यात न्याय्य बदल कसा व्हावा ते सांगू लागे. ते ऐकून घेत, मग पुन्हा आपल्या वाटेला लागत.

एकदा मी त्याला म्हटलं, "ही तुझी माणसं नव्हेत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण माझ्यावर विश्वास ठेवणारी एवढीच आहेत."

मंडळाच्या वकिलानं त्याच्या वतीनं नीलाच्या ताब्यासाठी जिल्हा कोर्टात अर्ज घातला. हिंदू मुलाचा पहिला पालक बाप, आई त्याच्यानंतर. पाच वर्षांवरची मुलगी मागायचा त्याला हक्क आहे, असं वकील म्हणाला. ज्या कायद्याविरुद्ध तो पत्रकं काढत होता, तोच कायदा इथे त्याच्या बाजूचा निघाला. हे त्याच्या ध्यानात आलं होतं. बोलून दाखवलं नाही.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक बाई छापखान्यात आली. डावा हात गळ्यात अडकवलेला, हातात घडी केलेला कागद.

"हितंच बसत्यात का ती मंडळी?"

"कोण पायजे?" शिवयोगीनं विचारलं.

"कुणी न्हाय. मी बजाबाई, हिंदुरावाची. कोर्टातनं ह्यो कागद आलाय. मला वाचता येत न्हाय. तुमी वाचता का?"

त्यानं कागद उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. हिंदुरावाच्या बायकोच्या तक्रारीला दिलेला तो जबाब होता. हिंदुरावानं सांगितलं तसं शिवयोगीनं लिहून दिलं होतं, वकिलानं फक्त टाइप केलं होतं. पण वाचतो म्हटल्यावर त्याला वाचावंच लागलं. सदर स्त्री स्वभावाने अत्यंत तापट असून पायरीवरून स्वतः पडून तिने हात मोडून घेतला व ती त्याचा दोष निरपराध पतीवर ठेवीत आहे.

बजाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "लई सुद्द लिवलंय. कुणी लिवलं?"

"मी."

"तुमी बघितलं का मी पडताना?"

"नाही."

"मग?"

तिनं उजव्या हातानं कागद घेतला, दातात धरून घडी घातली आणि गेली. कुर्डुवाडीची गाडी साडेचारला असे.

त्या रविवारी त्यानं हिंदुरावाला सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांगा. पडली का?"

हिंदुराव शांतपणे म्हणाला, "तुमच्या बायकोनं लिवलं ते खोटं आन् माझीनं लिवलं ते खरं, आसं कसं वं? तुमी मारलं न्हाय हे आमी बघाय आल्तो का? तुमच्या शब्दावर इस्वास ठिवला की."

रुद्रप्पा म्हणाला, "मंडळ पुरुषाचं हाय. हितं न्यायाधीश नेमायचा न्हाय."

तेव्हाच त्यानं उठून जायला हवं होतं. तो गेला नाही, कारण वकील मंडळाचा होता आणि नीलाचा अर्ज उभा होता. पुढचं वर्षभर तो चिटणीस राहिला. बैठकीला जाई, इतिवृत्त लिही, घरी येई. शरणम्मा आता आजारानं जागेवरच पडून होती. तिचं सगळं तोच करी.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये अर्ज सुनावणीला निघाला. नीला अकरा वर्षांची झाली होती. चार वर्षांत त्यानं तिला तारखांना दुरून पाहिलं होतं तेवढंच. न्यायाधीश म्हणाले, मुलीला मी आत बोलावून विचारतो, त्याआधी बाप-लेकीला अर्धा तास बोलू द्या. शिवयोगीनं मला साक्षीला नेलं होतं. मी व्हरांड्यात तीन पावलांवर होतो. दाक्षायणी आणि निंगप्पा पलीकडच्या टोकाला बाकावर बसले होते.

नीलानं दोन वेण्या घातल्या होत्या. ती त्याच्याशी कानडीत बोलली. मला कानडी पुरेसं समजतं.

"अप्पा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही अव्वाला मारत होता?"

इतकी वर्षं तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. कोर्टात, सभेत, पत्रकात, सगळीकडे त्यानं याचंच उत्तर दिलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

मुलीनं लगेच पुढचं विचारलं. "मग अव्वा खोटं बोलते?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मुलगी आईकडे बघत होती. दाक्षायणीला तिकडे ऐकू जात नव्हतं, पण ती उठून उभी राहिली होती. नीलानं एक वेणी मुठीत घट्ट धरली होती. तिला नेमकं कुठलं उत्तर नको आहे, हे मला तीन पावलांवरून कळत होतं. त्याला नक्कीच कळलं.

"एकदा मारलं होतं," शिवयोगी म्हणाला. "विसरलो होतो."

मुलीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मग ती त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली आणि आईकडे चालत गेली.

मी त्याच्याजवळ गेलो. "हे काय केलंस?"

"तिला त्या घरात राहायचंय, मास्तर. आई खोटी म्हणून कशी राहील?"

त्यानं तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला. वकील चिडून निघून गेला. कागदावर सह्या चालल्या होत्या तेव्हा दाक्षायणी आमच्यापाशी आली. नीलानं तिला सांगितलं असावं.

"असं का सांगितलंत?" तिनं विचारलं.

तो सही करत राहिला.

"ते पाचवं कलम वकिलानं घातलं होतं. त्याशिवाय पोटगी मिळत नाही म्हणाला. मी अंगठा दिला." मग ती म्हणाली, "मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान तुम्ही घरात होता असं वाटलं असतं. शिवम्माला दोनदा पाठवलं मी."

"व्हय," तो म्हणाला.

एवढंच त्यांचं बोलणं. जाताना निंगप्पानं महिन्यातून एकदा, अमावास्येला, मैंदर्गीला येऊन मुलीला भेटायला हरकत नाही असं सांगितलं. शिवयोगी तीन अमावास्यांना गेला. तिसऱ्या वेळी नीलानं त्याला आपली वही दाखवली, असं त्यानं मला आपणहून सांगितलं. त्याच्यासाठी हे फार बोलणं होतं.

मंडळाला मात्र तो परवडणारा नव्हता. चिटणिसानंच मारल्याचं कबूल केलं ही बातमी गावात फिरली होती. रुद्रप्पानं दुसऱ्या छापखान्यातून नवं पत्रक काढलं. शिवयोगीला त्याची खबरही नव्हती. मथळा जुनाच, खाली त्याचंच नाव, संस्थापक म्हणून. मजकूर असा की एका सज्जन कार्यकर्त्याच्या पत्नीनं पोटच्या मुलीला खोटं पढवून भर कोर्टात बापाकडून कबुली उकळली. नाव, गाव, माहेर, सगळं दिलं होतं. दाक्षायणीच्या चारित्र्याविषयीही दोन ओळी होत्या. अक्कलकोटच्या स्टँडवर हे पत्रक वाटलं गेलं आणि तिथून मैंदर्गीला पोचलं.

निंगप्पा ते घेऊन छापखान्यात आला. शिवयोगीसमोर ठेवलं. "नीला शाळेतून घेऊन आली. मुलींनी वाचून दाखवलं तिला."

"हे मी लिहिलं नाही."

"खाली नाव तुमचं हाय."

"मी लिहिलं नाही, निंगप्पा."

"असंल. आता येऊ नका."

शिवयोगीनं मला बोलावलं. मी पत्रक वाचलं. मजकूर रुद्रप्पाचा होता, पण मधलं एक वाक्य, ज्याने केला नाही त्याच्या माथी अन्याय मारण्याचं, जसंच्या तसं माझं होतं. मी निंगप्पाला सांगितलं की हे याचं काम नाही. तो म्हणाला, "तुम्ही मित्र. तुम्ही असंच सांगणार." आणि गेला.

खुलाशाचं पत्रक काढू, मी म्हणालो. शिवयोगी नको म्हणाला. "त्यात काय लिहायचं? मारलं नाही लिहिलं तर नीलाची आई खोटी पडते. मारलं लिहिलं तर रुद्रप्पा म्हणणार, हेही उकळलंच."

त्या हिवाळ्यात शरणम्मा गेली. घर त्याच्या एकट्याच्या ताब्यात आलं, वेगळ्या खोलीची गरज उरली नाही. मैंदर्गीहून कुणी आलं नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात माझी बदली बार्शीला झाली. जायच्या आधी मी एका अमावास्येला त्याच्याबरोबर गेलो, कारण तो अजून जात होता. मैंदर्गीच्या स्टँडवर उतरला, गावात गेला नाही. लिंबाखालच्या दगडावर बसला. मी विचारलं, किती वेळ? म्हणाला, चारच्या गाडीपर्यंत. आम्ही बसलो. दुपारी तीनच्या सुमाराला पाण्याला निघालेल्या मुली समोरून गेल्या, त्यांत नीला होती. उंच झाली होती. तिनं त्याला पाहिलं, हे मी पाहिलं. तिनं पाऊल थांबवलं नाही, की भरभर उचललंही नाही. मुलींच्या घोळक्यातून तशीच पुढे गेली.

चारची गाडी आली. शिवयोगी उठला, धोतर झाडलं, आणि कंडक्टरकडे दोन सोलापूर मागितली.